ओटीतला ब्लेझर

एप्रिल नुकताच लागला होता. टी. टी. नगरच्या त्या दुकानात पंखा गरगर फिरत होता, पण काउंटरपुढे खेटून उभ्या असलेल्या आम्हा बायकांपर्यंत वारा काही पोचत नव्हता. ब्लाउज घामाने पाठीला चिकटलेला, आणि अशात दुकानदाराने माझ्यासमोर काय ठेवावं? लोकरीचा ब्लेझर!

"भाईसाब, ये तो डिसेंबर में लगेगा," मी म्हटलं.

"मॅडम, सेट में है. सेट नहीं टूटेगा."

भोपाळच्या शाळांचं असंच आहे. नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू करतात, जेमतेम महिनाभर शाळा चालवतात आणि मग उन्हाळ्याची सुटी देतात. नाशिकला राहणाऱ्या माझ्या बहिणीला हे सांगितलं की ती फोनवर खो खो हसते. तिला काय जातंय हसायला! तिची खरेदी जूनमध्ये, निवांत. इथे मार्च संपता संपता शाळेचा मेसेज येतो आणि सगळे आईबाप त्या एकाच दुकानाकडे धावतात, कारण खिशावरचं शाळेचं चिन्ह दुसरीकडे मिळत नाही.

माझी लेक आठवीत जाणार होती, धाकटा चौथीत. पुस्तकं, वह्या, दोन प्रकारचे बूट, शुक्रवारचे पांढरे कपडे, खेळाचा टी-शर्ट आणि हा ब्लेझर. मी विचारलं, नुसती वर्कबुकं द्याल का? त्यात मुलं लिहितात, ती जुनी चालत नाहीत, कबूल. पण बाकीची पुस्तकं कुठूनतरी मिळवते मी. तर तो म्हणाला, "एडिशन बदल गया है मॅडम. और वर्कबुक अलग से हम देते ही नहीं." असं म्हणून त्याने माझ्या मागच्या बाईकडे बघितलं. माझ्याकडे बघायचंच बंद केलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सेट तिथेच ठेवला, पर्स काखेत मारली आणि रिकाम्या हाताने बाहेर पडले.

रागाने बाहेर पडणं सोपं असतं. रिक्षात बसल्यावर रडू यायला लागलं, कारण हे नुसतं पुस्तकांचं प्रकरण नव्हतं.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात शाळेने मुलांना बड्या तलावावर नेलं होतं, शिडाच्या होड्या दाखवायला. तिथल्या प्रशिक्षकांनी हौस म्हणून काही मुलांना होडीत बसवलं. त्यांतून त्यांनी ज्यांना निवडलं, त्यांत माझी लेक होती. मे महिन्यात शिबिर होतं आणि ते केलं तरच पुढे संघात नाव लागणार होतं. फी एप्रिलच्या मध्यापर्यंत भरायची. ही मुलगी एरवी कशासाठी हट्ट करत नाही. घरात काय जमतं, काय नाही, हे तिला न सांगता कळतं आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो. तिने फॉर्म आणला आणि नुसता फ्रिजवर लावून ठेवला.

माझे यजमान इथल्या मोठ्या कारखान्यात टेक्निशियन. आनंद नगरच्या फ्लॅटचा हप्ता त्यांच्या पगारातून आधी जातो, मग आम्ही उरलेल्यात महिना बसवतो. ते वाईट नाहीत हो, पण सरळ बोलतात. म्हणाले, "शाळेचा खर्च आणि शिबिराची फी जवळजवळ सारखीच आहे. दोन्ही होणार नाही. शाळा तर सोडता येत नाही."

लेक तेव्हा पाणी प्यायला आत आली होती. तिने ऐकलं. ग्लास विसळून ठेवला आणि मला म्हणाली, "रहने दो ना आई, इट्स ओके."

इट्स ओके म्हणे! तेरा वर्षांच्या पोरीने आईची समजूत काढावी? मी त्याच क्षणी ठरवलं. शाळेचा खर्च निम्म्याहून खाली आणीन, नाहीतर नाव लावणार नाही.

आमच्या भागात एकाच शाळेत मुलं पाठवणाऱ्या मराठी बायकांचा एक ग्रुप आहे. कुणी आनंद नगरमधल्या, कुणी अयोध्या नगरच्या. बहुतेकींचे नवरे कारखान्यात, काहींचे सरकारी ऑफिसांत. बस उशिरा आली, कैरी कुठे स्वस्त आहे, कुणाकडे गणपतीला मोदक कोण करणार, असं सगळं त्यावर चालतं. मी त्यावर लिहिलं की मुलांचे जुने, चांगले युनिफॉर्म आणि पुस्तकं रविवारी आमच्याकडे आणा, ज्याला जे लागेल ते घेऊन जाऊ या. किती सोपी गोष्ट! एकीचा मुलगा मोठा होतो, दुसरीचा त्याच्या मापात येतो. लगेच अंगठे आले, फुलं आली, "मस्त आयडिया" आलं.

एकच उत्तर वेगळं आलं. मागच्या गल्लीतल्या वहिनींचं. त्यांचे यजमान कारखान्यात अधिकारी होते. वहिनी साडीची घडीसुद्धा मोडू न देता स्कूटर चालवतात, अशी बाई. त्यांनी लिहिलं, "आमच्याकडे वापरलेलं देत नाहीत आणि घेतही नाहीत." खाली हात जोडल्याचं चित्र. आता त्यांची मुलगी माझ्या लेकीच्या बरोब्बर एक वर्ष पुढे. गेल्या वर्षी तिची उंचीही हिच्याएवढीच. म्हणजे मला हवी असलेली आठवीची पुस्तकं आणि ब्लेझर भोपाळमध्ये कुठे असतील तर ते त्यांच्या कपाटात. नेमके त्यांच्याच!

रविवारी बायका आल्या. प्रत्येकीच्या हातात पिशव्या, कुणाच्या तर दोन्ही हातांत. सरबत झालं, गप्पा झाल्या. "घ्या ना, बघा ना," सगळ्या एकमेकींना म्हणत होत्या. "छे छे, आमच्याकडे आहे सगळं," हे त्यावरचं उत्तर. एकीने एक पॅन्ट उचलली, कंबरेची शिवण बघितली, इकडे तिकडे बघितलं आणि परत ठेवून दिली. सगळ्याजणी द्यायला आल्या होत्या. घ्यायला एकही नाही! संध्याकाळी माझ्या हॉलमध्ये सोफ्याच्या उंचीचा ढीग लागला होता आणि यजमान दारात उभे राहून म्हणाले, "छान. आता कपड्यांना राहायला ठेवून आपण बाहेर झोपू."

मी त्यांना झापलं खरं, पण खरी गोष्ट सांगते. त्या ढिगात माझ्या लेकीच्या मापाचा एक स्कर्ट होता. मी तो पहिल्या पाच मिनिटांत हेरला होता. पण उचलला नाही. सगळ्यांच्या देखत दुसऱ्याच्या मुलीचा स्कर्ट उचलायचा, म्हणजे आपलं भागत नाही असं चारचौघींत सांगायचं. आणि त्या गेल्यावर गुपचूप काढून घ्यायचा, तर ती चोरी वाटते. म्हणजे माझीच ही गत, तर मी इतरांना काय नावं ठेवणार?

दोन दिवस तो ढीग तसाच. त्याच्याभोवतीनं केर काढायचा. सासूबाई आमच्याकडेच असतात, मूळच्या नागपूरच्या, आणि त्यांना चैत्रातल्या हळदीकुंकवाची घाई झाली होती. शुक्रवारी बायका बोलवायच्या, गौर पाळण्यात बसवायची, कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरायच्या. "आणि हे गबाळ इथेच राहणार काय?" त्या ढिगाकडे हात करून म्हणाल्या. "बाया बसतील कुठे?"

मी हरभरे निवडत होते. हातातले दाणे तसेच राहिले. ओटी! ओटीत घातलेलं कोणी परत करत नाही. नको म्हणत नाही, बघू म्हणत नाही, आमच्याकडे आहे म्हणत नाही. पदर पुढे करते आणि घेते. मी उठून सासूबाईंसमोर जाऊन बसले. म्हटलं, "आपण ह्याच ओटीत घातलं तर?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आता ह्या नागपूरची गाडी पकडतात.

"वापरलेलं कापड? ओटीत? गौरीपुढे? बाप्पा बाप्पा! डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी परत हरभरे निवडायला घेतले. त्यांच्याशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेली नाही. त्या धुसफुसत आत गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या, ढिगातला एक लहानसा शर्ट उचलला, त्याची कॉलर बोटांनी चाचपली आणि कॉटवर बसून राहिल्या.

"तुझा नवरा झाला ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा पहिलं झबलं मी शेजारणीकडून मागून आणलं होतं. तिची चारही पोरं धडधाकट. नवं कापड तान्ह्याला आम्ही घालतच नव्हतो. मागून आणलेलंच घालायचं. सगळ्याच घालत होत्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "मोठ्या बाईचं कापड वेगळं, लेकराचं वेगळं. लेकराचं चालतं. ओटी हरभऱ्यांचीच भर. त्याच्यावर पिशवी ठेव. गौरीला मी सांगते."

मी त्यांना मिठीच मारली. "सोड, सोड, हात धुळीचे आहेत तुझे," त्या ओरडल्या, पण हसत होत्या.

मग आम्ही दोघी पदर खोचून कामाला लागलो. कुणाचं पोर कोणत्या वर्गात, कुणाचा मुलगा जाड, कुणाची मुलगी अचानक ताडमाड वाढलेली, हे सगळं मला पाठ होतं, कारण रोज बस स्टॉपवर दुसरं बघायला असतं काय? सगळे कपडे धुऊन काढले, तुटकी बटणं लावली, गल्लीतल्या प्रेसवाल्याकडून कडक इस्त्री करून आणली. पुस्तकांना नवी कव्हरं. आधीच्या मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. मग ज्या घरी जे लागणार, तेच त्या घरच्या पिशवीत. लेकीने पिशव्या शिवल्या, जुन्या पडद्याच्या. ती काही विचारत नव्हती, पण टाके फार सुबक घालत होती.

वहिनींसाठी काय? त्यांचा मुलगा तिसरीत जाणार होता. माझ्या धाकट्याची तिसरीची पुस्तकं होती, एका वर्षात अंगाला आखूड झालेला त्याचा ब्लेझर होता. ती पिशवी मी माझ्या घरच्याच वस्तूंची भरली. यजमान म्हणाले, "त्या घेणार नाहीत. वर अपमान करतील." मी म्हटलं, "करू देत. गौरीसमोर करू देत."

तोंडाने म्हटलं खरं, पण शुक्रवारी सकाळपासून त्यांची पिशवी मी तीनदा उघडून पुन्हा बांधली. फी भरायची मुदत सोमवारी संपत होती.

बायका आल्या, नटूनथटून, मोगऱ्याचे गजरे माळून. सासूबाई गौरीच्या पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या, न्यायाधीशासारख्या. मी ठरवून सुरुवात वहिनींपासून केली. जे काय व्हायचं ते एकदाच होऊन जाऊ दे. हळद लावली, कुंकू लावलं, अत्तर लावलं. त्यांनी पदर पुढे धरला. मी ओंजळभर हरभरे घातले, एक कैरी ठेवली आणि वर ती पिशवी.

"हे काय?" त्या म्हणाल्या आणि पिशवीचं तोंड उघडून बघितलं. निळ्या ब्लेझरची बाही बाहेर आली. आतापर्यंत चाललेली बडबड एकदम थांबली. रविवारी हॉलमध्ये ढीग बघून गेलेल्या सगळ्या होत्या त्या, त्यांना काय कळायचं ते कळलं.

"लेकराचं आहे," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "लेकराच्या अंगाला घाला. लाभेल."

वहिनींनी बाही आत सारली. पदर गोळा केला, पिशवी छातीशी धरली, गौरीला नमस्कार केला आणि चपला घालून निघून गेल्या. बाहेर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

झालं! मी हातात कुंकवाची कोयरी धरून तशीच उभी. कान गरम झाले होते. एकजण म्हणाली, "जाऊ दे गं, त्यांचा स्वभावच तसा." दुसरी पन्ह्याचा ग्लास उगाच फिरवत होती. लेक स्वयंपाकघराच्या दारात होती, हातात डाळीच्या वाट्यांचा ट्रे. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी मनात म्हटलं, आता थांबायचं नाही, आणि दुसरीच्या कपाळाला हळद लावली. तिनं पदर धरला, पिशवी घेतली, मान खाली घालून बसली. तिसरीने घेतली. परत कुणीच केली नाही, पण कुणी उघडूनही बघेना. श्राद्धाला बसल्यासारखं सगळं शांत.

तेवढ्यात परत स्कूटरचा आवाज. वहिनी आत आल्या. धापा टाकत होत्या, साडीची घडी पार विस्कटलेली, आणि हातात एक मोठी सूटकेस. ती त्यांनी गौरीसमोर ठेवली आणि मला म्हणाल्या, "बसा."

"अहो वहिनी..."

"बसा म्हणते ना! पाटावर बसा. तुमची ओटी भरायची आहे."

मी बसले. त्यांनी माझ्याच ताटातली हळद मला लावली, माझेच हरभरे माझ्या पदरात घातले. मग सूटकेस उघडली. आठवीची सगळी पुस्तकं, खाकी कव्हरात, नवीकोरी वाटावी अशी. शुक्रवारचे पांढरे कपडे. आणि लाँड्रीच्या पिशवीसकट ब्लेझर. एकेक वस्तू त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"मी त्या दुकानातून दोनदा रिकाम्या हातांनी परत आलेय," त्या म्हणाल्या. आवाज मोठाच होता, सगळ्यांनी ऐकावा असा. "ह्यांनी नोकरी सोडलीय डिसेंबरात, तब्येतीमुळे. कुणाला सांगायचं? आणि कसं सांगायचं?"

मला एकदम भरून आलं. मी त्यांचा हात धरला तर त्याही रडायला लागल्या, आणि आम्ही दोघी त्या ब्लेझरवर डोकं टेकून रडलो. सासूबाई ओरडल्या, "अगं, लोकर खराब होईल!" त्यावर सगळ्या खदखदून हसल्या आणि मग काय विचारता! पिशव्या भराभर उघडल्या. "अगं बाई, हा तर अगदी मापाचा!" "ही पॅन्ट कुणाची? काय कापड आहे!" "माझ्या मुलाला बूट अजून एक नंबर मोठे हवेत, आहेत का कुणाकडे?" आता मागायलाही लाजेनात. रविवारी पॅन्ट ठेवून देणारी तर आत ठेवलेल्या उरलेल्या ढिगात चक्क घुसली.

काम अजून पुरतं झालं नव्हतं. वर्कबुकं राहिली होती. दुसऱ्या दिवशी शनिवारी आम्ही अकराजणी टी. टी. नगरला गेलो. दुकानदाराने आमच्याकडे बघितलं, मग आमच्यामागे दाराबाहेर उभ्या असलेल्यांकडे बघितलं.

"सिर्फ वर्कबुक," मी म्हटलं. "सबके लिए."

"मॅडम, बताया था ना, एडिशन..."

वहिनींनी आठवीचं विज्ञानाचं पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि त्याच्याच सेटमधलं नवं पुस्तक त्याच्या शेजारी उघडलं. पानं उलटत गेल्या, दोन्हीकडे एकाच वेळी. तेच धडे, तीच चित्रं, तेच पान क्रमांक. मुखपृष्ठावरचं फुलपाखरू फक्त बदललं होतं. एकेका पानाला वहिनी मोठ्याने म्हणत होत्या, "सेम. ये भी सेम. भाईसाब, ये देखिए, ये भी सेम." गिऱ्हाइकं गोळा झाली. एक सलवार-कमीजवाली बाई म्हणाली, "अरे, तो हमें भी सिर्फ वर्कबुक दे दो." मागून आणखी एक आवाज आला, "हमें भी."

त्याने हात टेकले. आतल्या पोऱ्याला हाक मारून म्हणाला, "वर्कबुक का बंडल खोल." आणि मग, देवाशपथ, माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, पहले बता देतीं तो..." पहले बता देतीं! मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शुद्ध मराठीत बोलले, त्यामुळे त्याला कळलं नाही आणि आमच्या अकराजणींना कळलं.

परत येताना आम्ही सगळ्यांनी उसाचा रस प्यायला. तेवढी चैन परवडत होती. घरी जाऊन मी यजमानांपुढे वर्कबुकांची थैली ठेवली. त्यांनी आत बघितलं, मग खुंटीवर टांगलेल्या त्या ब्लेझरकडे बघितलं. मग उठले, फ्रिजवरचा फॉर्म काढला आणि लेकीला हाक मारून म्हणाले, "ये, सही कुठे करायची ते दाखव." ती धावत आली आणि बोट ठेवलं ते चुकीच्याच रकान्यावर.

मे महिन्यात शिबिराच्या पहिल्या दिवशी मी आणि सासूबाई दोघी तलावावर गेलो होतो. सकाळची वेळ, तरी ऊन चटकत होतं. पहिल्या दिवशी मुलांना होडी मुद्दाम उलटी करायला लावतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत लेकीने कडेवर उभं राहून अंग मागे टाकलं, शीड आडवं झालं आणि ती पाण्यात गेली. दिसेना. सासूबाईंनी माझा दंड एवढा जोरात धरला की वळ उठले. "अगं, काढा कुणीतरी माझ्या पोरीला!"

मग होडीच्या पलीकडून तिचं डोकं वर आलं. ती त्या उलट्या होडीवर चढली, मागे झुकून सगळा भार दिला, आणि ते एवढं मोठं शीड पाणी निथळत उभं राहिलं. तिने आत उडी मारली, दोर ओढला, वारा भरला आणि होडी निघाली. आमच्यापासून लांब, सरळ तलावाच्या मध्यात. तिने वळून बघितलंसुद्धा नाही.

माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे, गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली बाई मी पाहिलेली नाही. मी ओरडले, "शाब्बास! शाब्बास गं माझी वाघीण!" काठावरचे सगळे आईबाप वळून बघायला लागले. मी तशीच ओरडत राहिले आणि ओरडता ओरडता रडले, आणि मला कुणाची म्हणून लाज वाटली नाही.